आधी विचार, कुठे आहेस

तोर्शाव्हनच्या धक्क्यावर त्या रात्री वारा असा
की कचऱ्याचा एक डबा एकटाच गावभर हिंडत होता.
सकाळी पावणेसातची फेरी,
तिच्या पोटात जायच्या चाळीस गाड्या, एक शववाहिका,
आणि आमच्या सर्व्हरवर एकही नवं तिकीट उमटेना.

मी डॅशबोर्ड उघडायला गेलो.
पांढरं पान. मधोमध फिरणारं चाक.
माझी सगळी बटणं त्या चाकाच्या पलीकडे राहिलेली:
हिरवं, निळं, आणि ते 'पुन्हा प्रयत्न करा'.
सहा वर्षं मी प्रोग्राम लिहितो, बरे लिहितो,
पण उंटावरून शेळ्या हाकत आलो
हे उंट बसल्यावर कळलं.

मार्यून आली. स्वेटरवर रेनकोट, पायात बागेतले बूट.
वय एकसष्ट. पूर्वी मासळीच्या लिलावाचे हिशेब तिच्याकडे असत.
खुर्चीवर मलाच बसवलं.
"काळी खिडकी उघड, हेइनी."
उघडली. आत फक्त कर्सर,
दार न ठोठावता उंबऱ्यावर येऊन उभं राहिलेल्या माणसासारखा.
"काय लिहू?"
"आधी विचार, कुठे आहेस."

पी डब्ल्यू डी. तीन अक्षरं.
उत्तर एका ओळीचं: घर, घरात खोली, खोलीत कप्पा.
मला हसू आलं.
धुक्यात मेंढ्या शोधायला निघालेला माझा काका हेच करायचा,
हाक मारण्याआधी
पायाखालचा दगड ओळखायचा.

मग, इथे काय काय आहे.
मग, जागा किती उरली.
शून्य.
कुणीतरी (मीच, मार्चमध्ये) सर्व्हरला सांगून ठेवलं होतं
की घडेल ते सगळं लिहून ठेव.
तो इमानाने लिहीत राहिला,
भिंती भरल्या, माळा भरला,
एक तिकीट ठेवायला तसूभर जागा नाही.

मी आर एम लिहिलं, पुढे नाव लिहिलं.
तिने माझं मनगट धरलं. हात बर्फ.
"मोठ्याने वाच."
वाचलं.
"पुन्हा. मोकळी जागासुद्धा वाच."
मोकळी जागा कशी वाचतात?

तेव्हा तिने सांगितलं, माझ्याकडे न बघता:
एका हिवाळ्यात अंगठा घसरला,
नावाच्या मधोमध एक फट पडली
आणि त्या फटीतून अख्खा जानेवारी वाहून गेला,
प्रवाशांसकट.
बटण निदान विचारतं, नक्की ना?
खिडकी विश्वास ठेवते.
नऊ दिवस ती वही घेऊन दारोदार फिरली,
तुम्ही कधी जाणार होता, गाडी कोणती, सोबत कोण.
"सायमुनने बटाटे खाऊ घातले," ती म्हणाली,
"आणि तारीख खोटी सांगितली."

एंटर.

काहीच झालं नाही.
'छान' नाही, 'झालं' नाही,
नुसता कर्सर, पुन्हा उंबऱ्यावर.
"बिघडलं का?"
"काम झालं की ही बोलत नाही. बोलली तर घाबर."

पाच वाजून दहा मिनिटांनी पहिलं तिकीट उमटलं:
एक बाई, एक सायकल.

ती रेनकोटची बटणं लावत होती.
मी विचारलं, "मग हे सगळ्यांनीच शिकायला हवं?
बियार्नीनेसुद्धा? त्या नव्या मुलीने?
त्यांचं बटणांवर भागतं.
काल संध्याकाळपर्यंत माझंही भागत होतं."

दार उघडलं, वारा आत आला,
टेबलावरचे कागद उडाले,
दार लागलं.

उत्तर आलं नाही.
म्हणजे काम झालं असावं,
किंवा तिला ऐकूच गेलं नसावं.
या दोन्हींतला फरक ओळखायला
मला अजून दोन हिवाळे लागले.